पाणी गाळलं, कार्ड मात्र कोरं राहिलं



गेले आठ महिने मी इथे फारसं काही लिहिलं नाही. कैरीच्या दिवसांत लोणचं नाही, चातुर्मासात उपवासाच्या पारण्याचे पदार्थ नाहीत, तेव्हा काही जणींनी काळजीने विचारलं, "ताई, सगळं ठीक ना?" ठीक नव्हतं. आज त्याबद्दलच लिहिते आहे. थोडं लांबेल, पण घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांच्या लसी टाळणं ही अहिंसा नाही. आमच्या घरात तरी तो निव्वळ प्रमाद होता, आणि त्या प्रमादाची सुरुवात माझ्या एका वाक्याने झाली.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात. दादा शेती करतो, वहिनी घर आणि गोठा सांभाळते, आई देवपूजा आणि नातवंडं. माझा भाचा २०१८ च्या मे महिन्यात जन्मला. बारशाला आत्या म्हणून त्याच्या कानात नाव मीच सांगितलं. जन्मल्या जन्मल्या दवाखान्यात बीसीजी, पोलिओचे थेंब आणि काविळीची सुई झाली होती. पुढची लस दीड महिन्याची. आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला.

"ताई, उद्या आशाताईंनी दीड महिन्याच्या लसीला बोलावलंय. न्यायचं ना?"

मी त्याच आठवड्यात मोबाइलवर एक मेसेज वाचला होता. लसीत जनावरांचं रक्त असतं, शिंगं-खुरं उकळून काढलेला चिकट पदार्थ असतं, जैनांनी सावध राहावं, असं काहीबाही. कुणी लिहिलं होतं, कुणी पाठवलं होतं, कशाचा पत्ता नाही. पण मी शिकलेली नणंद, शहरात राहणारी. मी म्हटलं, "थांब जरा. महाराज चातुर्मासाला गावात येणारच आहेत. त्यांना विचारू आणि मग ठरवू."

महाराज आले. चार महिने गावात राहिले. आमच्या घरी त्यांचा आहारही झाला. कुणी विचारलंच नाही. मी विसरले, दादाला सांगायचं राहिलं, वहिनीला धीर झाला नाही.

मग बाळाला सर्दी होती म्हणून राहिलं. मग दात येत होते म्हणून. सिस्टर आणि आशाताई तीनदा दारात येऊन गेल्या, दरवेळी "पुढच्या महिन्यात नक्की". २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सगळं गाव पाहुण्यांकडे नाहीतर छावणीत गेलं. पुरात लसीचं कार्डही भिजलं, पण त्यावर भिजण्यासारखं तरी काय होतं? पहिल्या दिवसाच्या तीन नोंदी. पुढच्या वर्षी कोरोना. त्यानंतर वहिनीला दवाखान्यात जायचीच लाज वाटायला लागली, इतके दिवस काय करत होता म्हणून ओरडतील. आणि मूल तर छान वाढत होतं. दुसरी मुलगी झाली तेव्हा घरात वाक्य तयारच होतं, "दादाला कुठे दिली? काही बिघडलं का त्याचं?"

नीट बघा, यात लसीला विरोध असा कुणाचाच नव्हता. कुणी भांडलं नाही, कुणी शपथ घेतली नाही. नुसतं "बघू" म्हणत पावणेसात वर्षं गेली.

यंदाच्या जानेवारीत, शुक्रवारी संध्याकाळी भाच्याला ताप आला. डोकं खूप दुखतंय म्हणाला. रात्री दोनदा उलटी झाली. घरच्यांना वाटलं, पित्त झालं, शाळेत ऊन लागलं असेल. गावातल्या डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं. शनिवारी सकाळी तो "ट्यूब बंद करा, डोळ्यांना टोचतंय" म्हणू लागला. आईने रोजच्यासारखं त्याला देव्हाऱ्यासमोर नेलं, म्हणाली, "मान वाकवून नमस्कार कर, बरं वाटेल." त्याला मान वाकवता येईना. हनुवटी छातीकडे न्यायला गेला की कळवळून ओरडायचा. आईला वाटलं, मान लचकली. तिने तेल लावून शेकलं.

दुपारी तो हाक मारली तरी नीट ओळखेना. दादाने गाडी काढली. मिरजेच्या वाटेवर गाडीतच त्याला झटका आला.

मी पोचले तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता. मुलांच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं, मेंदूच्या आवरणाला जंतूंचा संसर्ग झाल्याची दाट शंका आहे. आपण ज्याला सरसकट मेंदूज्वर म्हणतो, त्यात अनेक आजार येतात. काही विषाणूंमुळे होतात. जिवाणूंमुळे होणारा हा प्रकार फार झपाट्याने वाढतो, काही तासांत मूल हातचं जाऊ शकतं. नक्की करायला पाठीतलं पाणी काढावं लागतं. आईने "पाठीत सुई नको, पोरगं लुळं पडेल" म्हणून हात जोडले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, ती सुई जिथे टोचतात तिथे मणक्याची मुख्य दोरी संपलेली असते. सुईने लुळं पडत नाही. आजाराने पडू शकतं."

पाणी काढलं. एरवी स्वच्छ असतं ते गढूळ आलं. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं होतं आणि त्याच्या बरोबरीने सूज कमी करणारं एक औषध दिलं होतं. ते कशाला, विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "कान वाचावेत म्हणून." तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही.

नंतर मॅडमनी विचारलं, "लसीचं कार्ड आहे?"

दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. मी "थांब" म्हटलं होतं म्हणून ती अजून थांबलेलीच होती.

तपासणीत सापडलेल्या जंतूचं नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला थोडक्यात हिब म्हणतात. पूर्ण नाव हिमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. नावात इन्फ्लुएन्झा असलं तरी फ्लूशी त्याचा संबंध नाही. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला वाटलं की फ्लू याच जिवाणूने होतो. ती चूक पुढे लक्षात आली, पण नाव तसंच चिकटून राहिलं. लस येण्याआधी जगभर लहान मुलांच्या जिवाणूजन्य मेंदूज्वराचं हे सर्वांत मोठं कारण होतं. अमेरिकेत दरवर्षी पाच वर्षांखालची सुमारे २०,००० मुलं या जंतूच्या गंभीर आजारात सापडायची. लस सुरू झाल्यावर हे प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलं.

आपल्याकडे ही लस पेंटाव्हॅलंट म्हणून मिळते. एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, बी प्रकारची कावीळ आणि हिब अशा पाच आजारांपासून संरक्षण. केरळ आणि तामिळनाडूत २०११ च्या डिसेंबरात ती सरकारी कार्यक्रमात आली आणि पुढे टप्प्याटप्प्याने देशभर पोचली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना अशा तीन सुया. सरकारी केंद्रात फुकट. म्हणजे माझ्या भाच्यासाठी ती गावात, घरापासून पाच मिनिटांवर, आशाताईंच्या निरोपासकट तयार होती.

हा आजार मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना होतो, मोठ्या मुलांत क्वचित. त्यामुळे "आता मोठा झाला, धोका टळला" असं आम्हाला वाटत होतं. धोका कमी झाला होता, टळला नव्हता.

मी मॅडमना विचारलं, लस दिली असती तर हे झालंच नसतं का? त्या म्हणाल्या, "शंभर टक्के असं वैद्यकात बोलत नाहीत. पण सगळे डोस झालेल्या मुलात हिबचा मेंदूज्वर फार म्हणजे फार क्वचित दिसतो." मला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. "काही सांगता येत नाही" असं ऐकायचं होतं.

आता आपल्या घरांत जे बोललं जातं त्याबद्दल. हे सगळं मी स्वतः बोललेली आहे, म्हणून मला उत्तर द्यायचा हक्क आहे असं समजते.

पहिलं, "आपलं खाणं शुद्ध, आपल्या मुलांना कशाला होतंय?" आपण पाणी गाळतो, उकळतो, रात्री जेवत नाही, कंदमूळ टाळतो. या सवयींनी कितीतरी पोटाचे आजार दूर राहतात, यात शंकाच नाही. पण हिबचा जंतू पाण्यातून किंवा ताटातून येत नाही. तो धडधाकट माणसांच्या नाकाघशात काहीही त्रास न देता राहतो आणि खोकला, शिंक, अगदी जवळून बोलणं यातून दुसऱ्याकडे जातो. पाणी गाळता येतं, पोराचा श्वास कशाने गाळणार?

दुसरं, "इतकी वर्षं काही झालं नाही." का झालं नाही, ते मला आता कळलं. हिबची लस घेतलेल्या मुलांच्या घशात हा जंतू सहसा मुक्काम करत नाही. वर्गातल्या, अंगणवाडीतल्या इतर मुलांनी लस घेतली होती, म्हणून जंतूला आमच्या पोरापर्यंत यायला वाट सापडत नव्हती. त्यांच्या आयांनी रात्री जागून, तापाने रडणारी बाळं खांद्यावर घेऊन जे कमावलं, त्यावर आमचं पोर सुरक्षित राहिलं. आणि आम्ही म्हणत होतो, आपल्या संस्कारांची पुण्याई. न दिलेलं घेऊ नये, हे अणुव्रत आपण पाठशाळेत शिकतो. हे मला तेव्हा दिसलं नाही.

तिसरं आणि सर्वांत नाजूक, "लसीत प्राणिज पदार्थ असतात." ही शंका वेडगळ नाही. कारखान्यात जंतू वाढवण्यासाठी जे माध्यम लागतं, त्यात काही वेळा प्राण्यांपासून मिळवलेले घटक वापरले जातात. काही लसी टिकाव्यात म्हणून त्यात जिलेटिन घालतात, बऱ्याच लसींत ते नसतं. कुठल्या लसीत काय आहे ते डॉक्टरांना विचारता येतं, माहितीपत्रकात वाचता येतं. मी त्या मेसेजवर विश्वास ठेवला, माहितीपत्रक मात्र उघडलं नाही. हिबच्या लसीत तर जिवंत जंतूही नसतो. जंतूच्या अंगावर साखरेचं एक आवरण असतं, त्याचा तुकडा एका प्रथिनाला जोडून ही लस बनते. नुसती साखर तान्ह्या बाळाचं शरीर ओळखत नाही, प्रथिनाची जोड मिळाली की ओळखतं. ही जोड शोधणाऱ्या रॉबिन्स, श्नीरसन, अँडरसन आणि स्मिथ या चार शास्त्रज्ञांना १९९६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि लस टाळून आम्ही काय मिळवलं, तेही ऐका. दहा दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. त्यात किती जीव गेले असतील, मोजा. शिवाय घरात लस न झालेली अडीच वर्षांची धाकटी होती. अशा घरात जंतू घशातून जावा म्हणून सगळ्यांनाच चार दिवस रिफाम्पिसिन घ्यावं लागतं. लघवी नारिंगी होते, धाकटीला औषध देताना वहिनी रडायची. आईने कॅप्सूल हातात धरून विचारलं, "याचं वरचं टरफल कशाचं असतं गं?" मला माहीत होतं, बहुतेक कॅप्सूलचं टरफल जिलेटिनचंच असतं. मी सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली, मग णमोकार म्हणून सूर्यास्ताच्या आत गिळून टाकली. ज्या पदार्थाच्या नुसत्या शंकेने आम्ही एक सुई टाळली, तोच पदार्थ घरातल्या चार मोठ्या माणसांनी चार दिवस पोटात घेतला.

मी पंडित नाही. पण पाठशाळेत शिकवलं होतं ते आता पुन्हा काढून वाचलं. हिंसा चार प्रकारची. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाला पूर्ण त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा, ठरवून मारण्याचा. स्वयंपाक, शेती, घराचं रक्षण यांत जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. ती कमीत कमी व्हावी म्हणून जागं राहायचं. मुलाला आजारापासून वाचवणं हे रक्षण नाही तर काय? तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद हा शब्द अगदी आधी ठेवला आहे. बेसावधपणा आधी, प्राणांचा घात नंतर. हे सूत्र मला लहानपणापासून पाठ आहे. दर दशलक्षणात ते कानावरून जातं. पण "बघू, विचारू, पुढच्या महिन्यात" हाच तो प्रमाद, हे मला अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर कळलं.

आणखी एक. व्रत माझं असेल तर त्याची किंमत मी द्यावी. मी औषध नाकारलं तर तो माझा निर्णय. दीड महिन्याच्या बाळाने कुठलं व्रत घेतलं होतं? माझ्या शंकेची किंमत त्याने दिली.

भाचा वाचला. डॉक्टरांचे आणि नर्सताईंचे उपकार. पण घरी सोडण्याआधी कानांची तपासणी झाली, तेव्हा "कान वाचावेत म्हणून" याचा अर्थ कळला. या आजारातून उठलेल्या मुलांमध्ये बहिरेपण हा नेहमी दिसणारा मागे राहिलेला घाव आहे. डाव्या कानाने आता त्याला काहीच ऐकू येत नाही. उजव्याला यंत्र लावलं आहे. अशा मुलांची तपासणी लवकर का करायची, तर कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात नंतर हाड भरू शकतं आणि मग उपचारांचे पर्याय कमी होतात. तो शाळेत पहिल्या बाकावर, बाईंच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे त्याचा उजवा कान त्यांच्याकडे राहतो. अभ्यासात मागे पडला होता, आता सावरतो आहे. धाकटीच्या राहिलेल्या लसी डॉक्टरांनी वयाप्रमाणे आखून दिल्या, त्या सुरू झाल्या आहेत.

आता तुमच्याकडे एकच मागणं. हे वाचून झालं की उठा आणि मुलांची कार्डं काढा. कपाटात तळाशी असतील, पुरात भिजली असतील, हरवली असतील, तरी चालेल. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा मुलांच्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा, "आमचं राहिलंय." ओरडले तर ऐकून घ्या. उशीर झाला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. हिबची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देतात, त्यानंतर निरोगी मुलाला सहसा देत नाहीत. पण गोवर, धनुर्वात, घटसर्प यांच्या लसी मोठ्या मुलांनाही देता येतात. मेंदूज्वर करणाऱ्या न्यूमोकोकस या दुसऱ्या जिवाणूची लसही २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आली आहे. कुठली अजून चालेल, कुठली नाही, हे डॉक्टर ठरवतील. आत्याने ठरवू नये.

आणि लस झालेली असो वा नसो, मुलाला ताप असताना डोकं खूप दुखत असेल, उलट्या होत असतील, उजेड सहन होत नसेल, मान पुढे वाकत नसेल, मूल गुंगीत जात असेल किंवा झटका आला असेल, तर तेल लावत बसू नका. सकाळची वाट बघू नका. तान्ह्या बाळात मान कडक झालेली दिसेलच असं नाही. ते नुसतं दूध सोडतं, मलूल होतं, किरकिरतं, टाळू फुगते. सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

सासवांना, नणंदांना, माझ्यासारख्या शिकलेल्या आत्यांना वेगळं सांगते. आपल्या "थांब जरा"चं वजन घरातल्या सुनेवर किती पडतं, याची आपल्याला कल्पना नसते. शंका असेल तर त्याच दिवशी विचारा, डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर घेऊन या. शंका दारात टाकून निघून जाऊ नका.

परवा क्षमावाणी झाली. मी माहेरी गेले होते. आईची, दादाची, वहिनीची क्षमा मागितली. वहिनी म्हणाली, "ताई, मी पण तर आई होते ना त्याची." मग भाच्याजवळ बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाळा, माझं चुकलं." तो चित्र काढत होता. त्याने वर बघितलंच नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते.

मी उठून उजवीकडे गेले आणि पुन्हा म्हटलं.